न तापणाऱ्या इंजिनाचं दुखणं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



गाडी तापते, ही तक्रार आपल्याकडे नवी नाही. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात बॉनेट उघडून, पाण्याची बाटली हातात घेऊन उभी राहिलेली माणसं एका अख्ख्या पिढीनं पाहिली आहेत. बोरघाटात शिंग्रोबाला नाणं टाकून पुढे निघणाऱ्या ड्रायव्हरच्या मनात तेव्हा एकच धास्ती असायची, वर पोचेपर्यंत गाडी तापू नये. आज मात्र मी बोलणार आहे ते नेमक्या उलट तक्रारीविषयी. गाडी तापतच नाही, किंवा तापायला फार वेळ घेते, आणि त्याच सुमारास इंजिनातून कसलेकसले आवाज यायला लागतात.

गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की हे अनेकांच्या वाट्याला येतं. सकाळी किल्ली फिरवली, आठ-दहा किलोमीटर अंतर कापलं, तरी तापमानाचा काटा खालच्या रेघेवरच. बॉनेटमधून टकटक किंवा टिकटिक ऐकू येते. पिकअप जड वाटतो. महिनाअखेरीस हिशेब केला तर अ‍ॅव्हरेजही पडलेलं. यातल्या आवाजानं माणूस घाबरतो, पण काट्याकडे मात्र त्याचं लक्ष जात नाही. ‘थंड आहे ना, मग चांगलंच की!’ असं त्याला वाटतं. घाटातल्या जुन्या अनुभवांनी आपल्या मनावर एवढंच बिंबवलं आहे की, इंजिन जितकं थंड तितकं बरं. हा समज चुकीचा आहे, आणि तो खिशाला चांगलाच महागात पडतो.

इंजिनालाही ऊब लागते

आता बघा, पेट्रोल जळून जी ऊर्जा तयार होते तिच्यातला ढोबळमानानं पाव ते एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. उरलेल्यापैकी बरीचशी सायलेन्सरवाटे धुरातून जाते आणि तेवढीच इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधल्या वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. म्हणून पाणी फिरवून ती उष्णता बाहेर काढावीच लागते. पण ती किती काढायची याला मर्यादा आहे. बहुतेक मोटारींची इंजिनं पाण्याचं तापमान ऐंशी ते शंभर अंशांच्या दरम्यान राहील, असं धरून आखलेली असतात.

यामागचं कारण धातूंच्या स्वभावात आहे. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो. जुन्या इंजिनांत सिलिंडरची भिंत बहुधा बिडाची असते. तेवढ्याच उष्णतेनं अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून इंजिन थंड असताना दोघांच्या मध्ये थोडी जास्त फट ठेवावी लागते, आणि इंजिन तापलं की ती बरोबर भरून येते. थंड इंजिनात पिस्टन या फटीत किंचित कलतो आणि भिंतीवर आपटतो. त्याचा बसका टक-टक आवाज येतो. गाडी जुनी झाली, झीज वाढली, की हा आवाजही वाढतो. इंजिन तापल्यावर तो कमी होतो किंवा बंद पडतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपानं सायलेन्सरमधून निघून जातं. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून थेंब पडताना दिसतात ते हेच. यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते. इंजिन नीट तापत असेल तर ती पुन्हा उडून जाते. तापतच नसेल तर ती तेलातच राहते, तिच्याबरोबर थोडं न जळलेलं पेट्रोलही राहतं. तेल पातळ होतं, त्यात चिखलासारखा गाळ धरतो. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सायीसारखा पांढरट थर दिसायला लागतो. तो थर पाहून ‘हेड गॅस्केट गेलं’ असा निकाल देणारे बरेच भेटतात. पण ऑइलच्या पट्टीवरचं तेल स्वच्छ असेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत नसेल, तर तो थर बहुधा थंड इंजिनाचाच असतो. पट्टीवरचं तेलच ताकासारखं झालं असेल, तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

तिसरी गोष्ट पेट्रोलची. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून मिश्रण दाट करावं लागतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत आपण त्यासाठी चोक ओढायचो. इंजेक्शनच्या गाडीत तेच काम संगणक करतो. पाण्यात बसवलेला सेन्सर त्याला तापमान कळवतो. पाणी पन्नास-साठ अंशांवरच घुटमळत राहिलं तर तो बिचारा समजतो की इंजिन अजून थंडच आहे, आणि पेट्रोल थोडं जास्त सोडत राहतो. सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. अ‍ॅव्हरेज पडतं ते अशा कारणांनी, आणि पीयूसीच्या यंत्रावर आकडा चढतो तोही कित्येकदा यामुळेच.

मेणावर चालणारी झडप

इंजिनाची ही ऊब सांभाळायला एक लहानशी झडप असते, तिचं नाव थर्मोस्टॅट. मुठीत मावेल एवढी ही वस्तू. तिच्या पोटात पितळी डबी असते आणि डबीत खास प्रकारचं मेण भरलेलं असतं. ठरावीक तापमानाला ते मेण वितळतं, फुगतं, एका दांडीला ढकलतं आणि झडप उघडते. मेण गार झालं की स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते. ना वायर, ना बॅटरी. ही मेणाची युक्ती १९३० च्या दशकात मोटारींसाठी पुढे आली आणि आजही लाखो गाड्यांत तीच आहे.

इंजिन थंड असताना झडप बंद असते. पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, रेडिएटरकडे जात नाही, त्यामुळे ते लवकर तापतं. साधारण ब्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी अंशांना झडप उघडायला लागते. नेमका आकडा बहुतेक थर्मोस्टॅटवर कोरलेला असतो. मग गरम पाणी रेडिएटरमध्ये जातं आणि गार होऊन परत येतं.

ही झडप दोन तऱ्हांनी बिघडते. बंद अवस्थेत अडकली तर इंजिन तापतं, आणि ते लगेच लक्षात येतं. उघड्या अवस्थेत अडकली तर पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिन तापायला उशीर लागतो. हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे आणखी एक तऱ्हा आहे. झडप जागेवर नसतेच! गाडी एकदा कधीतरी तापली, की रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये पहिला इलाज होतो तो थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा. ‘आपल्या हवेत त्याची गरजच नाही, ते थंड देशांसाठी असतं,’ असं वर ऐकवलं जातं. दुसरा इलाज म्हणजे रेडिएटरचा फॅन ‘डायरेक्ट’ करणे. म्हणजे तापमान पाहून फॅन चालू-बंद करणारा स्विच वगळायचा आणि किल्ली फिरवली की फॅन सुरू, अशी वायर जोडायची. अडल्या वेळी रस्त्यातून घरी पोचण्यासाठी हे ठीक आहे. पण हा तात्पुरता इलाज गाडीत कायमचा राहतो, गाडी दुसऱ्याला विकली जाते, आणि नव्या मालकाला आपल्या गाडीत काय नाही याची कल्पनाच नसते.

शिवाय गाडी मुळात तापली का, हा प्रश्न बाजूलाच राहतो. रेडिएटर चोंदलेला असेल, पाणी गळत असेल, वॉटर पंप झिजला असेल, तर झडप काढल्यानं तो दोष फक्त झाकला जातो. काही इंजिनांत तर झडप काढल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरला वगळून आतल्या आतच फिरतं, आणि घाटात गाडी आणखी तापते.

काट्याची परीक्षा

ही तपासणी कुणालाही करता येईल अशी आहे. गाडी रात्रभर उभी असावी आणि इंजिन पूर्ण गार असावं.

पहिल्यांदा पाण्याची पातळी पाहा. रेडिएटरचं झाकण फक्त गार इंजिनावरच उघडायचं. ते झाकण आत दाब धरून ठेवतं. त्या दाबामुळे पाणी शंभरऐवजी एकशे वीस अंशांच्या आसपास उकळतं. गरम असताना झाकण उघडलंत तर दाब एकदम जातो आणि उकळतं पाणी तोंडावर उडतं. हातातोंडाची सालं निघालेली माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा गरम रेडिएटरला हात लावायचा नाही, घाई कितीही असो. पाणी कमी असेल तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि काटा खोटं सांगतो. म्हणजे इंजिन खरोखर तापलेलं असतानाही काटा खालीच राहू शकतो. म्हणून पातळीची खात्री केल्याशिवाय पुढचा कोणताही निष्कर्ष काढू नका.

मग गाडी सुरू करा आणि फॅनकडे पाहा. इंजिन गार असताना, एसी बंद असताना, किल्ली फिरवताच फॅन फिरायला लागला तर तो बहुधा डायरेक्ट केलेला आहे. काही गाड्यांत सेन्सरची वायर तुटली तरी संगणक सावधगिरी म्हणून फॅन चालू ठेवतो. पट्ट्यावर फिरणारा फॅन असलेल्या पद्मिनीसारख्या गाड्यांना ही परीक्षा अर्थातच लागू नाही.

त्यानंतर इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होस पाइपला, फॅन आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवून, अधूनमधून स्पर्श करा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर काही मिनिटं हा पाइप गारच राहील, आणि झडप उघडली की थोड्याच वेळात एकदम गरम होईल. पाइप पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकली आहे किंवा जागेवर नाही. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाशी असतो, तिथे मेकॅनिकला विचारून घ्यावं.

आणखी एक खूण रस्त्यावर मिळते. शहरातल्या गर्दीत काटा मधोमध येतो, पण हायवेला लागलं किंवा घाट उतरायला लागलं की तो पुन्हा खाली घसरतो. वेगामुळे वारा वाढतो, घाट उतरताना इंजिनावर भार नसतो. झडप ठीक असेल तर ती मिटून ऊब राखते. काटा घसरला, म्हणजे मिटायला झडप नाही.

थर्मोस्टॅट बाहेर काढला असेल तर त्याची परीक्षा स्वयंपाकघरातल्या पातेल्यात होते. पातेल्यात पाणी घ्या, झडप दोऱ्यानं बांधून मध्ये अधांतरी सोडा, पाणी तापवा. थंड पाण्यात झडप घट्ट मिटलेली हवी. पाणी उकळीला येण्याआधी ती उघडायला हवी आणि बाहेर काढल्यावर पुन्हा मिटायला हवी. अर्थात, त्या पातेल्यात पुन्हा चहा करू नये!

आवाजाला चार प्रश्न

आता आवाजांकडे वळू. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रने लेनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. जुना मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी धरतो, तेही तेच. आवाज कुठून येतो ते त्यानं कळतं. मात्र चालू इंजिनावर वाकताना ओढणी, टाय, सैल बाही, घड्याळ सांभाळा. पट्टा आणि फॅन कुणाची गय करत नाहीत.

पण कान लावण्याआधी चार प्रश्न विचारावेत. आवाज गार इंजिनात येतो की गरम? तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर? समोरून येतो की खालून? आणि कोणत्या कृतीनं बदलतो, म्हणजे क्लच, ब्रेक, वळण, चढ यांपैकी कशानं?

उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर आवाज वाढला तर तो इंजिनाचा. उभ्या गाडीत शांतता आणि चालत्या गाडीत घूंऽऽ असा घुमणारा आवाज, वेगाबरोबर वाढणारा, तर चाकाचं बेअरिंग किंवा एका बाजूनं झिजलेला टायर. पूर्ण वळण घेताना कट-कट-कट वाजलं तर पुढच्या एक्सलचा जॉइंट. त्याच्यावरचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं असतं. क्लच दाबल्यावर आवाज येऊ लागला तर क्लचचं रिलीज बेअरिंग. क्लच दाबल्यावर असलेला आवाज गेला तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. एवढ्या प्रश्नांनीच निम्मं काम होतं.

सकाळी सुरू करताना चींऽऽ अशी किंचाळी येते ती पट्ट्याची. पट्टा सैल असतो किंवा कडक होऊन त्याला भेगा पडलेल्या असतात. पावसाळ्यात हा आवाज जास्त येतो. बहुतेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर असतात, म्हणून हा पट्टा तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि पाण्याचं फिरणंही थांबतं. त्या दिव्याकडे ‘चार्जिंगचा काहीतरी प्रॉब्लेम’ म्हणून पाहत पुढे जाऊ नये.

शिवणयंत्रासारखी टिकटिक वरच्या बाजूनं येते ती टॅपेटची. त्यातली फट पाव मिलिमीटरहूनही कमी असते. ती वाढली की वाजते. सेटिंग करून घ्यावं, पण आवाज अजिबात नको म्हणून मेकॅनिकच्या मागे लागू नये. फट फार कमी केली तर टॅपेट शांत होतात आणि व्हॉल्व्ह नीट न मिटल्यामुळे जळतात. थोडं वाजणारं टॅपेट परवडलं.

तशीच टिकटिक पण जरा फुसफुसणारी असेल, गार इंजिनात स्पष्ट आणि तापल्यावर कमी होणारी, तर धूर जिथून इंजिनाबाहेर पडतो तिथलं गॅस्केट फुंकत असतं. धातू तापून फुगतो आणि फट बुजते. ठरावीक वेगालाच पत्रा थरथरल्यासारखा आवाज येत असेल, तर सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा सुटलेला असतो. या आवाजानं माणसं फार घाबरतात आणि इलाज मात्र एका क्लॅम्पचा असतो.

डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज आला तर हीटरच्या नळीत हवा शिरली आहे. म्हणजे पाणी कमी झालं आहे. ते कुठे गेलं ते शोधायला हवं. पुन्हा पुन्हा हवा शिरत असेल तर हेड गॅस्केटची तपासणी करून घ्यावी.

दोन तक्रारी, एक दुखणं

यात महत्त्वाची गोष्ट अशी, की न तापणं आणि वाजणं या कित्येकदा दोन वेगळ्या तक्रारी नसतात. पिस्टनची बसकी टकटक आणि गॅस्केटचं फुसफुसणं हे थंड इंजिनाचे आवाज. जुन्या गाडीत ते थोडेफार असणारच. इंजिन वेळेवर तापलं तर पहिल्या दोन-तीन मिनिटांत ते विरतात आणि आपल्या ध्यानातही येत नाहीत. इंजिन तापलंच नाही, तर तेच आवाज दहा किलोमीटर सोबत करतात, आणि मालकाला वाटतं, इंजिन आता संपलं.

निफाडकडच्या एका निवृत्त शिक्षकांची गोष्ट सांगतो. २००५ सालची मारुती ८००, नव्वद हजार किलोमीटर चाललेली. पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नाशिकला न्यावं लागायचं, ते याच गाडीतून. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. महाराष्ट्रातलं नीचांकी तापमान म्हणून हिवाळ्यात पेपरात हेच नाव येतं. त्या वर्षी डिसेंबरात गाडी वाजायला लागली. अर्धा रस्ता संपेपर्यंत टकटक थांबत नव्हती. सतराचं अ‍ॅव्हरेज चौदावर आलं. एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आलं, ‘इंजिनाचं काम निघालंय, रिंगा-पिस्टन बदलावे लागतील.’ खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीएवढा होता. मुलगा म्हणाला, भंगारात काढा. पण मग पहाटे साडेपाचला दवाखान्यात जायचं कसं, याचं उत्तर घरात कुणापाशी नव्हतं.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी त्यांना रात्रभर ती तिथेच उभी ठेवायला सांगितलं. सकाळी किल्ली फिरवताच फॅन सुरू झाला. वरचा पाइप पहिल्या मिनिटापासून कोमट. थर्मोस्टॅटची जागा उघडून पाहिली तर आत काहीच नव्हतं, रिकामी वाटी! आधीच्या मालकाच्या वेळी कधीतरी काढलेला असावा. मग कॉम्प्रेशन तपासलं. तिन्ही सिलिंडर वयाच्या मानानं ठीक होते, म्हणजे रिंगा गेलेल्या नव्हत्या. नवा थर्मोस्टॅट बसवला, फॅनचा स्विच बसवून वायरिंग पूर्ववत केलं, गंजलेलं पाणी काढून कूलंट भरलं, टॅपेट सेट केले आणि गाळ धरलेलं ऑइल बदललं. इंजिन उघडावंही लागलं नाही. टकटक अजून येते, पण पहिली दोन मिनिटं. ‘ती आता राहणारच, वय झालंय तिचं,’ असं मी मास्तरांना सांगितलं. तर ते म्हणाले, ‘गुडघे माझेही सकाळी वाजतात.’ अ‍ॅव्हरेज सोळावर आलं, आणि डायलिसिसची एकही फेरी चुकली नाही.

प्रत्येक गाडीची गोष्ट अशी स्वस्तात मिटेल, असं मी म्हणणार नाही. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं, आणि आज रस्त्यावर असलेल्या अशा कितीतरी गाड्यांची इंजिनं खरोखर झिजलेली आहेत. पण मोठ्या कामाला होकार देण्याआधी दोन गोष्टी मागा. इंजिन पूर्ण तापवून आवाज पुन्हा ऐका, आणि कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर लिहून घ्या. कॉम्प्रेशन न मोजता ‘इंजिन गेलं’ म्हणणं, म्हणजे नाडी न पाहता ऑपरेशन ठरवण्यासारखं आहे.

कधी थांबायचं?

काही आवाजांपुढे मात्र तपासणी वगैरे नाही, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. इंजिनाच्या तळातून जड हातोड्यासारखा ठक-ठक आवाज, भार दिल्यावर वाढणारा आणि तापल्यावरही न जाणारा, हा बेअरिंगचा. त्याच्या जोडीला ऑइलचा लाल दिवा लागला तर एक किलोमीटरही पुढे जाऊ नये. दहा मिनिटांच्या हट्टापायी क्रँकशाफ्ट वाया जातो.

चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड येत असेल तर ते नॉकिंग. इग्निशनचं टायमिंग, इंधन आणि इंजिनात साचलेला कोळसा तपासून घ्यावा, तोवर खालच्या गिअरमध्ये चालवावं.

पेट्रोलबद्दलही एक सांगायला हवं. २०२५ पासून देशभरातल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळू लागलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते आणि त्याची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते. त्यामुळे थंडीत जुनी गाडी सुरू व्हायला किंचित कुरकुरणं आणि अ‍ॅव्हरेज थोडं कमी होणं समजण्यासारखं आहे. पण त्यानं तापमानाचा काटा खाली राहत नाही. काट्याचा दोष पेट्रोलवर ढकलू नये. जुन्या गाडीतले पेट्रोलचे रबरी पाइप मात्र वरचेवर पाहावेत. वास आला, ओल दिसली, तर लगेच बदलावेत.

शेवटी रोजच्या सवयीच्या दोन-तीन गोष्टी. इंजिन तापवायचं म्हणून गाडी दहा-पंधरा मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवू नका. अर्धा-एक मिनिट पुरे, मग हलक्या पायानं निघावं. हलक्या भारावर इंजिन लवकर तापतं. पाण्याचा काटा मधोमध आला तरी ऑइल त्याच्या मागे असतं, म्हणून पहिले पाच-सात किलोमीटर गाडी ताणू नये. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो माणसाचा जीव घेतो.

रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा बोअरचं पाणी भरू नका. त्यातले क्षार आत साचतात, गंज चढतो, आणि थर्मोस्टॅट अडकतो तो बहुधा याच कचऱ्यामुळे. कूलंट म्हणजे पाणी गोठू नये एवढ्यापुरतं औषध नव्हे. आपल्या हवेत त्याचं मोठं काम गंज रोखण्याचं आहे. तयार मिळतो तो तसाच घालावा, नाहीतर कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात मिसळावा.

ऑइलही गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. डब्यावर डब्ल्यू या अक्षराच्या आधी जो आकडा असतो तो थंडीतल्या वागणुकीचा. आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल गार सकाळी लवकर वरपर्यंत चढतं. आवाज दाबायचा म्हणून जाड ऑइल घालणं हा दुखण्यावरचा इलाज नव्हे, ते दुखणं लपवणं झालं.

आणि गॅरेजमध्ये जाताना ‘गाडी वाजते, बघा जरा’ एवढंच सांगू नका. चार-पाच दिवस एका वहीत टिपून ठेवा. सकाळी किती वाजता निघालो, काटा मध्यावर यायला किती किलोमीटर लागले, आवाज कुठवर आला, कशानं कमी झाला, पाणी किती घालावं लागलं. शक्य असेल तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये ठेवा, म्हणजे मेकॅनिकला ती गार अवस्थेत ऐकता येईल. आपण गाडी चालवत नेतो, तोवर ती तापते आणि नेमका तिथे पोचल्यावर आवाज गायब होतो. मग मेकॅनिक अंदाजानं बोलतो आणि आपण अंदाजानं पैसे मोजतो. वहीचं ते एक पान पुढे ठेवलंत, तर चांगला मेकॅनिक तुम्हाला दुवा देईल, आणि दुसऱ्याला थोडं जपून बोलावं लागेल.